टर्बो सिटी वरच्या आरपीएमला परत परत लीन जाते? फ्युएल रेलला ड्रिल लावण्याआधी काय तपासायचं

ही तक्रार इतकी ठरावीक आहे, की फोनवर पहिलं वाक्य ऐकलं की पुढची तीन सांगता येतात. जुनी होंडा सिटी व्हीटेक, ती २००० साली आलेली, कारखान्यातून १०६ बीएचपीची. हौसेने टर्बो चढवलेला, मिनिटाला ४५० सीसीचे इंजेक्टर, टाकीत ताशी २५५ लिटरचा पंप. तिसऱ्या गिअरला पाय दाबून धरला की ५००० आरपीएमपर्यंत वाइडबँड (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा मीटर) ११.५ ला छान बसलेला असतो. ५५०० ओलांडले की १२.५, मग १३, म्हणजे लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आणि कानाला बारीक खडखड. पंप बदलला की काही दिवस बरं, मग पहिले पाढे पंचावन्न. फिल्टर बदलला, रेग्युलेटर बदलला, तरी तेच. शेवटी कोणीतरी खात्रीने सांगतं, “अरे, स्टॉक रेलच बारीक आहे. लेथवाल्याकडे जा आणि भोक मोठं करून घे.”

रेल म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी. तिचं भोक मोठं करून गाडी सुधारत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार आहे. स्टॉक रेलमध्ये काम करण्याजोगं काही नसतं असं मी म्हणत नाही. असतं, पण ते वेगळ्या जागी आणि वेगळ्या लक्षणासाठी. त्याकडे पुढे येतो.

त्याआधी एक पथ्य. कारण सापडेपर्यंत बूस्टवर (टर्बोने दाबून भरलेल्या हवेवर) पाय दाबणं बंद. या इंजिनाचे पिस्टन कास्ट आहेत. बूस्टमध्ये लीन आणि वर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ती खडखड) झालं, की दोन रिंगांमधला काठ तुटतो. मग प्रश्न फ्युएल रेलचा राहत नाही, हेड उतरवायचा होतो.

पेट्रोल जातं कसं

होंडाच्या डी आणि बी मालिकेच्या जुन्या इंजिनांत टाकीतला पंप पेट्रोल पुढे ढकलतो. फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) फिल्टर, तिथून होज, मग बॅन्जो बोल्टमधून (आडव्या भोकाच्या पोकळ बोल्टमधून) रेलच्या एका तोंडात. पेट्रोल रेलमधून बाहेर पडतं त्या तोंडाशी रेग्युलेटर, आणि तिथून रिटर्न लाइनने परत टाकीत. रेग्युलेटर रेलच्या नंतर बसलाय, हे लक्षात ठेवलं तर अर्धं निदान घरबसल्या होतं.

पंप जेवढं ढकलेल तेवढं सगळं रेलमधून जातं. इंजेक्टर त्यातलं हवं तेवढं उचलतात, उरलेलं रेग्युलेटर परत पाठवतो आणि परत किती पाठवायचं ते कमीजास्त करून दाब धरून ठेवतो. म्हणजे रेलच्या आधी कुठे थोडी अडचण असली, तरी रिटर्नमधून धार चालू आहे तोवर रेलमधला दाब पडत नाही. पंपाला जोर जास्त लावावा लागतो, एवढंच. ज्या क्षणी रिटर्नची धार आटते, त्या क्षणी रेग्युलेटरच्या हातात काही उरत नाही आणि दाब घसरतो. वाइडबँडवर ५५०० ला दिसतं ते बहुतेक वेळा हेच.

आता आकडे मांडू, कारण ‘रेल बारीक आहे’ हे विधान आकड्यांपुढे टिकत नाही. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण लोडवर दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.२७ किलो पेट्रोल खातं. १८० हॉर्सपॉवरसाठी ते होतं ४८-४९ किलो, म्हणजे जवळपास ६६ लिटर. इथेनॉलचं मिश्रण धरून ७२ म्हणा. २५५ लिटरचा पंप त्याच्या तिपटीहून जास्त ढकलू शकतो.

समजा रेलचं आतलं भोक १० मिमी आहे आणि पंपाचं सगळंच्या सगळं २५५ लिटर त्यातून जातंय. तरी पेट्रोलचा वेग सेकंदाला ०.९ मीटर भरतो. त्या वेगामुळे रेलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबात पडणारा फरक ०.००३ बारच्या घरात. ३ बारवर चालणाऱ्या इंजेक्टरच्या प्रवाहात त्याने ०.०५ टक्का फरक पडतो. कुठलाही वाइडबँड तो दाखवणार नाही. भोक १० चं १२ केलं काय नि १४ केलं काय, चौथ्या सिलिंडरला कळणारही नाही.

बॅन्जो बोल्टचं गणित थोडं वेगळं आहे. त्याच्या आडव्या भोकातून पेट्रोल काटकोनात वळतं. ते भोक ३ मिमीचं आणि एकच असेल, तर २५५ लिटरला तिथे सुमारे अर्धा बार जातो. ऐकायला भयंकर वाटतं. पण दाबाची ही घट प्रवाहाच्या वर्गाने बदलते. इंजिनाला खरोखर लागणाऱ्या ७० लिटरला त्याच भोकात फक्त ०.०४ बार जातो. म्हणजे १८० हॉर्सपॉवरच्या गाडीत स्वच्छ बॅन्जो बोल्टसुद्धा गुन्हेगार नाही. स्वच्छ, हा शब्द महत्त्वाचा. बोल्ट काढून उजेडाकडे धरा. आडव्या भोकाच्या कडेला काळ्या रबराचा कण चिकटलेला दिसला, तर तो आला कुठून ते शोधा. माझा पहिला संशय टाकीच्या आत जातो.

गेज लावा, अंदाज नको

वाइडबँड फक्त परिणाम दाखवतो. कारण दाखवतो तो रेलवरचा प्रेशर गेज, तोही लोडखाली. गाडी जागेवर उभी करून रेस देऊन बघणं हे तपासणीत धरूच नका. बूस्ट नाही, लोड नाही, इंजेक्टर जेमतेम उघडतात. अशा वेळी मरणाला टेकलेला पंपही ३ बार देतो.

होंडाच्या फिल्टरजवळच्या बॅन्जोवर सर्व्हिस बोल्ट असतो, तिथे गेज जोडता येतो. पण तो दाब फिल्टरपाशी असतो. रेलमधला दाब हवा असेल तर गेज रेग्युलेटरच्या बाजूला यायला हवा. दोन्हीकडे एकाच वेळी लावता आले तर सोन्याहून पिवळं, कारण दोघांतला फरक म्हणजे मधल्या होजमध्ये आणि बॅन्जोत जाणारा दाब. पेट्रोल भरलेली नळी केबिनमध्ये कधीही आणू नका. काट्याचा गेज असेल तर तो काचेच्या बाहेर, वायपरपाशी पक्का बांधायचा. आत आकडा हवा असेल तर इलेक्ट्रिक सेंडर लावा. आणि हे काम डायनोवर (गाडी जागेवरच लोडखाली पळवणाऱ्या यंत्रावर) करा. कात्रजच्या घाटात बाजूला मित्राला बसवून गेज वाचायला लावणं, यात दोघांचाही जीव टांगणीला.

आधी आयडलला रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि दाब वाचा. हा झाला बेस प्रेशर. स्टॉक होंडात तो ३ बारच्या आसपास असतो. नळी परत लावली की दाब खाली यायला हवा. मग डायनोवर पुल घ्या, म्हणजे पूर्ण पाय दाबून वरच्या आरपीएमपर्यंत न्या. बूस्ट ०.७ बार असेल तर रेलमध्ये ३.७ दिसायला हवं, ०.५ असेल तर ३.५. बूस्ट वाढेल तसा काटा बरोबरीने चढला पाहिजे.

काटा बूस्टबरोबर चढला, वरपर्यंत टिकला, आणि तरीही वाइडबँड लीन सांगतोय? मग पेट्रोलचा पुरवठा ठणठणीत आहे. रेल, पंप, फिल्टर, सगळ्यांना सोडा आणि इंजेक्टरची ड्युटी (चक्रातला किती टक्के वेळ तो उघडा असतो ते) बघा. ६५०० आरपीएमला एका चक्राला साधारण १८.५ मिलिसेकंद मिळतात. लॉगमध्ये पल्स (उघडं राहण्याचा वेळ) १६ च्या पुढे दिसत असेल तर इंजेक्टर ८७ टक्क्यांच्या वर गेला, त्याच्याकडे आता देण्यासारखं काही नाही. स्टॉक २४० सीसीच्या चार इंजेक्टरचा हिशेब ८५ टक्क्यांवर ताशी ४९ लिटर होतो. टर्बोवर ते १३५ हॉर्सपॉवरच्या आसपास संपतात. ४५० सीसीचे चार जवळपास २५० पर्यंत पुरतात. ड्युटी ठीक असेल तर मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) आणि ट्यून बघा. स्टॉक सेन्सर ठरावीक बूस्टच्या वर आंधळा होतो आणि ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं हवा वाढलेलीच नाही.

काटा ३.५ पर्यंत चढून तिथून उलटा सरकत ३.२, ३ असा येत असेल, तर रिटर्न आटला. पुरवठा कमी पडतोय. आता मागे मागे जायचं.

पंपाला वीज किती पोचते?

सगळ्यात आधी मल्टिमीटर. पंपाच्या प्लगवर, पंप चालू असताना आणि दाबाखाली. प्लग काढून मोजलेले १२.६ व्होल्ट निरर्थक आहेत, कारण करंटच वाहत नाही. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर ११.६ दिसले तर मधल्या वायरिंगने २.२ व्होल्ट खाल्ले. पंपाचे २५५ लिटर १३.५ व्होल्टच्या आसपास आणि ठरावीक दाबाला मोजलेले असतात. ११.६ व्होल्टला आणि ४ बारला तोच पंप पार वेगळा वागतो.

जुन्या होंडात यातली मोठी भानगड डॅशबोर्डखालच्या मेन रिलेची आहे. आतल्या बोर्डवरचे सोल्डरचे टाके वर्षानुवर्षांच्या उन्हाने तडकतात. मे महिन्यात गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली आणि चावी फिरवल्यावर सुरू झाली नाही, काचा उघडून थोडं थांबल्यावर झाली, तर हा रिले उघडून बघाच. टाक्याभोवती केसासारखी गोल चीर दिसते. पुन्हा सोल्डर केली की रिले चालतो. पण मोठ्या पंपाचा भार स्टॉक रिलेवर आणि स्टॉक बारीक वायरवर टाकूच नये. बॅटरीपासून थेट २.५ ते ४ चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज, वेगळा रिले, आणि त्या रिलेला चालवायला फक्त जुन्या पंपाच्या वायरचा सिग्नल. अर्थिंगही नवीन द्या, रंग खरवडून बॉडीला. प्लसची जाडजूड वायर टाकून अर्थ जुनाच ठेवलेल्या गाड्या खूप दिसतात.

टाकीतली वीतभर होज

‘पंप बदलला की काही दिवस बरं’ या वाक्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा इथे सापडलंय. मोठा पंप हँगरच्या (टाकीत पंप धरणाऱ्या चौकटीच्या) पाइपपर्यंत पोचत नाही, म्हणून मध्ये वीतभर रबरी होज टाकतात. दुकानात ‘पेट्रोलचा पाइप द्या’ म्हटलं की मिळतो तो. त्या होजचं आतलं अस्तर पेट्रोल सोसतं. बाहेरचं आवरण बुडून राहण्यासाठी केलेलंच नसतं. टाकीत ती आतून-बाहेरून बुडलेली असते. काही आठवड्यांत फुगते, मऊ पडते, क्लिपखाली घसरते किंवा तडकते. आयडलला ३ बार येतो, कारण गळतंय ते टाकीतच आणि पंपाकडे तेवढं सांडून उरतं. वर ३.७ बार मागितले की तडा उघडतो आणि अर्धं पेट्रोल टाकीत कारंज्यासारखं उडतं. नवा पंप घालताना होजही ताणून, पुन्हा क्लिप आवळून बसते. म्हणून काही दिवस बरं वाटतं, आणि श्रेय पंपाला जातं.

बुडून राहणारी होज वेगळी येते, तिच्यावर एसएई जे३० आर१० असं छापलेलं असतं. महाग आहे, वीतभरच लागते, तीच घ्या. बोटाने दाबून बघा. जुनी होज च्युइंगमसारखी दबत असेल तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही. बॅन्जोतले काळे कणही बहुतेक तिचेच असतात.

तिथेच पंपाची जाळीसुद्धा बघून घ्या. वर्षानुवर्षं कमी चाललेल्या गाडीच्या टाकीत तळाला गाळ आणि गंज असतो. इथेनॉलचं पेट्रोल जुना थर सोडवतं आणि तो जाळीवर येऊन बसतो. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीत पाणीही असतं.

सगळं नीट दिसत असेल तर शेवटी धार मोजा. रिटर्नची नळी मापाच्या धातूच्या डब्यात, रिले जंपर करून पंप ३० सेकंद चालवायचा. पंपाला १३.५ व्होल्ट मिळत असतील तर २५५ लिटरच्या पंपाने २.१ लिटर द्यायला हवं. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम तोंडाला हातपंपाने ०.७ बार देऊन पुन्हा मोजा, म्हणजे बूस्टमधली परिस्थिती जागेवर कळते. इंजिन थंड, दार-खिडक्या उघड्या, अग्निशामक हाताशी, आणि जवळ पिवळा बल्ब नको. तो फुटला तर पेट्रोलच्या वाफेला ठिणगी पुरते.

रेग्युलेटर पिळण्याचं दुष्टचक्र

लीन जाते म्हणून अ‍ॅडजस्टेबल रेग्युलेटर लावून बेस ३ चा ४ बार करतात. कागदावर हिशेब बरोबर आहे: इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे १५ टक्के जास्त. पण आता पंपाला ४ अधिक ०.७ अधिक वाटेतली घट, असे पाच बारपर्यंत ढकलायचंय. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो आणि करंट वाढतो. करंट वाढला की बारीक वायरमध्ये व्होल्टेज आणखी पडतं. रिटर्न आधी ५५०० ला आटत होता, आता ५००० ला आटतो. मधल्या पट्ट्यात गाडी रिच (पेट्रोल जास्त), वर आणखी लीन. ट्यूनर ईसीयूतल्या तक्त्यात मधलं पेट्रोल कमी करतो, वरचं वाढवतो. मग कोणीतरी व्होल्टेज सुधारतं आणि गाडी वर काळा धूर ओकायला लागते. दोष एक, त्यावर तीन जणांची तीन ठिगळं.

असं झालेली गाडी हातात आली तर आधी बेस ३ बारवर आणा, मूळ आकड्यावर. मग शोधायला सुरुवात करा.

मग रेलमध्ये काम कधी करायचं

आता ते वेगळं लक्षण. मोठा पंप टाकल्यापासून आयडलला गाडी रिच, पेट्रोलचा वास, प्लग काळे, आणि व्हॅक्यूम नळी काढून बेस वाचला तर ३ ऐवजी ३.५, ३.६. रेग्युलेटर बदलला तरी तेवढंच. इथे खरोखर स्टॉक मार्ग अपुरा पडतोय, पण आत यायचा नाही, बाहेर जायचा. आयडलला इंजिन काहीच खात नाही, त्यामुळे जवळपास सगळं २५५ लिटर रिटर्नने परत जायला हवं. ६ मिमी आतल्या व्यासाच्या आणि ४ मीटर लांबीच्या नळीत एवढ्या प्रवाहाला सुमारे ०.४ बार अडतो. रेग्युलेटरच्या निपलचं बारीक भोक आणि टाकीच्या हँगरवरचं तोंड त्यात धरलं की अर्ध्याच्या वर जातं. रेग्युलेटर पूर्ण उघडला तरी मागचा दाब त्याच्या हातात नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे छोटा पंप. १८० हॉर्सपॉवरला ७२ लिटर लागतात, मग २५५ चा पंप कशाला? १९० चा घेतला तर त्याच नळीतली घट ०.२५ बारवर येते. पण मोठा आकडा सांगायची हौस दांडगी असते.

पुढे जाऊन गाडी खरंच मोठी करायची असेल तर स्टॉक रेल ठेवून तिची दोन्ही तोंडं बदलता येतात, बाजारातली महागडी रेल घ्यावी लागत नाही. जुन्या होंडात रेलकडचा बॅन्जो एम १२ × १.२५ आट्यांचा असतो. त्याच आट्यात बसणारं एएन-६ मापाच्या होजचं अडॅप्टर मिळतं, ड्रिल लावावंच लागत नाही. बाहेरच्या बाजूला रेग्युलेटर दोन बोल्टवर ओ-रिंगने बसलेला असतो. तो काढून त्याच्या पायाच्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बनवायची, तिच्यात एएन-६ चं तोंड, आणि रेग्युलेटर वेगळा, फायरवॉलवर. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्यात भोसरीला अशी प्लेट बनवून देणारा लेथवाला शोधावा लागत नाही. नमुना म्हणून जुना रेग्युलेटर सोबत न्या आणि ओ-रिंगची खाच किती खोल ते त्याला मोजायला लावा. खाच खोल झाली तर ओ-रिंग दबतच नाही, उथळ झाली तर चिरते.

तिथून टाकीपर्यंतची रिटर्न नळी ८ मिमीची करा. घट ०.४ वरून ०.१ बारवर येते. हँगरवरचं तोंड मात्र विसरू नका. सगळी लाइन ८ ची आणि टाकीपाशी ५ चं निपल तसंच ठेवलेलं असेल, तर पैसे पाण्यात.

रेलच्या बंद टोकाला नवीन तोंड पाडायचं असेल, तरच ड्रिल. एम १२ × १.२५ साठी १०.८ चं, एम १४ × १.५ साठी १२.५ चं. आधी भिंत मोजा. अ‍ॅल्युमिनियममध्ये आटे निदान व्यासाएवढ्या लांबीचे तरी धरायला हवेत, दीडपट असले तर उत्तम. तेवढं मांस नसेल तर तो बेत सोडा. वेल्डिंगने मांस वाढवता येतं, पण रेल वाकते आणि इंजेक्टरच्या खोबणी एका रेषेत राहत नाहीत. हाताच्या ड्रिलने हे काम करू नका, पिलर ड्रिल किंवा लेथच हवा.

ड्रिलनंतरची सफाई हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं. इंजेक्टरची खोबण जिथे आडवी येऊन मिळते, त्या कडेवर आतून पातळ धार उभी राहते. बाहेरून दिसत नाही. टॉर्च मारून आत बघा, करंगळीएवढी गोल कानस घालून ती धार काढा. अ‍ॅल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे मॅग्नेट फिरवून समाधान मानू नका. रॉकेल किंवा डिझेलने दोन्ही बाजूंनी धुवा, हवा मारा, पांढऱ्या कपड्यावर ओतून बघा, कपडा चमकायचा थांबेपर्यंत. तरीही पहिल्या वेळी इंजेक्टर न लावता, रेलची चारही तोंडं डब्यात धरून पंपाने थोडं पेट्रोल सोडून द्या. चुकून राहिलेला कीस इंजेक्टरच्या तोंडाच्या जाळीत अडकला, की एक सिलिंडर लीन आणि तुम्ही परत पहिल्या पानावर.

आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका. एएनचं तोंड कोनावर बसतं, बॅन्जो वायसरवर बसतो, दोघांनाही टेप लागत नाही, आणि टेपचा तुकडा सुटला तर तो इंजेक्टरकडेच जातो. गळणाऱ्या आट्यांवर एम-सील थापून आणलेली रेल कोणी दाखवली तर ती गाडीला परत चढवू नका.

डॅम्पर काढून फेकू नका

जुन्या होंडात पल्सेशन डॅम्पर रेलच्या तोंडाशीच, बॅन्जोच्या जागी बसतो. एएन अडॅप्टर लावलं की तो आपोआप जातो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ६००० आरपीएमला चार इंजेक्टर मिळून सेकंदाला २०० वेळा उघडतात आणि मिटतात. प्रत्येक मिटण्यासरशी रेलमध्ये दाबाची लाट उठते. डॅम्पर आणि रबरी होज ती गिळतात. डॅम्पर काढला, होजही पीटीएफईची (टेफ्लॉनची) कडक ब्रेडेड घातली, तर लाट रेलमध्येच येरझारा घालते. मग एखाद्याच पट्ट्यात, समजा ४२०० ते ४६०० मध्ये, एखादं सिलिंडर लीन जातं आणि पुढे आपोआप सुधारतं. काट्याचा गेज अशा वेळी थरथरतो, नेमका आकडा धरत नाही.

रेलचं पोट मोठं करण्याचा एकमेव खरा फायदा इथे आहे. आत पेट्रोल जास्त, म्हणून लाट छोटी. पण त्यासाठी रेल कोरण्यापेक्षा डॅम्पर ठेवणारं अडॅप्टर घेणं किंवा लाइनमध्ये वेगळा डॅम्पर बसवणं सोपं. जुना डॅम्पर परत लावताना त्याच्या डोक्याभोवती ओल आहे का ते बघा. आतला पडदा फाटला की तो गळतो, आणि खाली तापलेलं इंजिन असतं. माझदाच्या तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ ही गाडी डॅम्परची गळती आणि त्यातून लागणारी आग यासाठीच बदनाम आहे.

एकच सिलिंडर लीन असेल, प्लगवरून तसं दिसत असेल, तर इंजेक्टर अदलाबदल करा. चौथ्याचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा चौथ्यात. दोष इंजेक्टरबरोबर हलला तर तो साफ करून, चारही एकत्र फ्लो टेस्ट करून घ्या. जागेवरच राहिला तर इनटेकची गळती, हवेची वाटणी किंवा वर सांगितलेली दाबाची लाट.

ई-२० आणि बाकीचं

आता पंपावर सर्रास ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ते प्रमाण ई-२० ला १३.५ च्या आसपास येतं. जुनी ट्यून ई-१० वर झालेली असेल तर तेवढ्याच पल्सला गाडी चार-साडेचार टक्के लीन भरते. फरक ओळखायचा असा: ई-२० चा लीनपणा सगळ्या पट्ट्यात सारखा असतो, क्रूझला फ्युएल ट्रिम (ईसीयू आपोआप करतो ती पेट्रोलची दुरुस्ती) अधिककडे सरकलेला दिसतो. फक्त ५५०० च्या वर येत असेल तर ई-२० ला दोष देऊ नका. ओ-रिंग आणि होज मात्र विटॉनच्या, इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या.

नंतरच्या बऱ्याच गाड्यांत रिटर्न लाइनच नाही, रेग्युलेटर टाकीत असतो आणि त्याला बूस्ट कळत नाही. तिथे ०.८ बार बूस्टला इंजेक्टरवर ३ ऐवजी २.२ बारच उरतात आणि प्रवाह १४ टक्क्यांनी घटतो. हा पुरवठ्याचा दोष नाही, रचनेचा भाग आहे. एकतर ट्यूनमध्ये भरपाई करा किंवा रिटर्नची पूर्ण व्यवस्था नव्याने करा. प्लॅस्टिकच्या रेलला ड्रिल लावू नका. टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या रेलला तर पानाही लावू नका. तिथला दाब १०० बारच्या पुढे असतो, आणि त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते.

कायद्याच्या बाजूने: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारखान्याच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायला मनाई आहे. ट्रॅकवरच्या गाडीसाठी हे सगळं ठीक, नोंदणीच्या रस्त्यावरच्या गाडीला विमा आणि पासिंग दोन्हीकडे अडचण येऊ शकते.

काम झाल्यावर वायसर सगळे नवीन, ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट. इंजेक्टर खोबणीत सरळ दाबायचा, पिळत घालायचा नाही. इंजिन सुरू न करता चावी दोन-तीनदा ऑन करून दाब भरा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. मग इंजिन पूर्ण गरम करून रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी, सुरू करण्याआधी, पुन्हा टिश्यू फिरवा. अ‍ॅल्युमिनियमचा वायसर पहिल्या गरम-थंडानंतर बसतो, आणि आदल्या दिवशी कोरडा असलेला बॅन्जो दुसऱ्या दिवशी ओला सापडू शकतो.